पाठीकडून काढलेले झंपर

माझ्या मायनं कधी बाईचं तोंड काढलं नाही. काढली ती पाठच. गळा किती खोल, बंद किती, बाहीला झालर कशी, सगळं शिसपेन्सिलीनं. मानवतच्या एका शिलाईच्या दुकानात ती निजामाच्या काळापासून काजं-बटणं करायची, मागं, गोणपाटाच्या पडद्याआड. मोठ्या घरच्या बाया पुढं आरशासमोर उभ्या राहायच्या, आणि पडद्याच्या भोकातून मायला त्यांची पाठ दिसायची. त्या पाठीवर काय शोभेल ते ती कागदावर उतरवायची. मालक ते कागद गिऱ्हाइकांपुढं ठेवून सांगायचा, "हैदराबादहून मागवलंय." आमची वस्ती कुठली ते गावाला ठाऊक होतं, म्हणून तर पडदा होता.

पुढं मायचे डोळे गेले. नामांतराची धामधूम चालू होती, मी सोनपेठला शाळेत शिवण शिकवत होते. सुट्टीत घरी गेले की माय आडून आडून विचारायची, "ते कागद असतील का गं अजून?" कुणीतरी एकदा म्हणावं, हे तुझं, एवढीच तिची आस होती.

अन् एक दिवस त्याच दुकानातून मला बोलावणं आलं. म्हातारा मालक जाऊन त्याचा पोरगा गादीवर बसला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून कुणीतरी त्याला सांगितलेलं. मी कुणाची लेक ते त्याला माहीत नव्हतं.

"जुन्या चित्रांचं प्रदर्शन मांडायलोय, बाई. खाली चिठ्ठ्या लिहून द्या."

त्यानं ट्रंक उघडली. कागद मखमलीत गुंडाळलेले! मायला दिवाळीला दुकानातली चिंधी मिळाली नाही, अन् तिच्या कागदांना मखमल. वर हा मला शिकवतो, "हैदराबादचा कलाकार लय पोचलेला. म्हणायचा, बाईचं रूप पाठीत असतं." मला शिसारी आली.

मी पहिली चिठ्ठी लिहिली: ही चित्रं पडद्यामागं काजं करणाऱ्या बाईनं काढली. ती माझी माय.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो गोड बोलायला लागला. "मला काई वाटत न्हाई हो, बाई. मी तसला न्हाई. पर ते झंपर अजून लोकांच्या पेट्यांत हायेत, लग्नातले. हे वाचलं तर बाया चुलीत घालतील. तुमच्या आईला एक लुगडं पाठवतो ना." असं म्हणत त्यानं चिठ्ठीचे चार तुकडे केले. मला त्याच्या त्या हसऱ्या तोंडाची अशी किळस आली की मी तशीच उठले.

मायला सांगितलं. ती थुंकली. "लुगडं म्हनं! त्याची आई लगनाआधी मापाला आली व्हती. पाच बंद, चौकोनी गळा. पहिला तो घाल म्हनावं चुलीत."

दुसऱ्या दिवशी बाजार होता, दुकान भरलेलं. त्याची म्हातारी आई गल्ल्याजवळ बसली होती. मी मायचं बोलणं शब्दाला शब्द, सगळ्यांदेखत सांगितलं. पोरगा पांढराफटक पडला. म्हातारी मात्र शांत होती.

"ठाऊक हाय मला कुणी काढला ते," ती म्हणाली. "लगीन झालं अन् मग कळलं. म्हणून तर फिरून अंगाला लावला न्हाई."

दुकानातल्या एकीनं हातातला कापडाचा तुकडा हळूच खाली ठेवला. मी ट्रंकेतून सगळे कागद उचलले, मखमल तिथंच टाकली. मला कुणी अडवलं नाही. त्यांना आता ते हातात धरवणार नव्हते.

कागद मायच्या मांडीवर ठेवले. तिनं वरचा बोटांनी चाचपला.

"पाठीच हायेत ना सगळ्या?"