दुसऱ्या पारड्यातला माणूस

३ मार्च २०१७ रोजी काटेवाल्यांना येण्याजाण्याच्या खर्चापोटी दोनशे साठ रुपये मिळाले. पावतीवरची सही डाव्या हाताची होती. ती खिडकीतल्या कारकुनाला पसंत पडली नाही, म्हणून त्याने पुन्हा करायला लावली. दुसरी सही पहिलीपेक्षा वाईट आली, तेव्हा त्याने पहिलीच चालवून घेतली. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, हा खर्च मिळणार होता. काटेवाल्यांना त्याचे फारसे काही वाटले नाही. त्यांना यंत्र हवे होते आणि ते त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचे दुकान. आत दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचे. एकेचाळीस वर्षे त्यांनी किराणावाल्यांचे, रद्दीवाल्यांचे, सोनारांचे काटे तिथे बसून नीट केले. काट्याची दांडी ज्या पोलादी धारेवर डोलते, ती धार कानशीने घासून सरळ करणे ही त्यांची खासियत. पारड्यात कागदाचा कपटा टाकला तरी दांडी झुकली पाहिजे, नाहीतर ते काटा गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत.

आदल्या वर्षी एका सकाळी दाढी करताना ब्रश त्यांच्या हातातून पडला. तो उचलायला वाकले आणि तेही पडले. पक्षाघात. वाचा आठवड्यात परतली, पाय दोन महिन्यांत बरा चालू लागला, पण उजवा हात खांद्याला टांगलेल्या पिशवीसारखा राहिला. कोपर मिटलेले, बोटे आत वळलेली. आंघोळीच्या वेळी बायको एकेक बोट उघडून तळवा धुवायची आणि बोटे पुन्हा आपली मिटायची. कानस धरणे लांबच राहिले. दुकानाला कुलूप लागले होते.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर इंजिनिअरिंगच्या लोकांनी एक प्रयोगशाळा मांडली होती. अशा हातांना पुन्हा हालचाल शिकवणारे यंत्र त्यांनी बनवले होते आणि ते खरोखर किती उपयोगी पडते हे त्यांना पाहायचे होते. त्या कामाच्या प्रमुख इंजिनिअर मॅडमनी सगळे नीट समजावून सांगितले. चाळीस रुग्ण घ्यायचे. वीस जणांना यंत्र, वीस जणांना तेवढाच वेळ फिजिओच्या हाताने व्यायाम. कोण कुठे, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. घरी व्यायाम करायचा तो रोज वीस मिनिटे, सांगितला तेवढाच, आणि दिलेल्या डायरीत लिहायचा. जास्तीचे काही करणाऱ्याचे नाव यादीतून कमी होईल. बारा आठवड्यांनी, ज्यांना यंत्र मिळाले नाही त्यांनाही ते सहा आठवडे मिळेल. काटेवाल्यांनी कागद दोनदा वाचून सही केली. पाकीट फोडले तर आत लिहिलेले निघाले: हाताने व्यायाम.

तो व्यायाम घेणारा फिजिओ अंगापिंडाने एवढा आडवा होता की सगळे त्याला पैलवान म्हणत. पण हात लोण्यासारखा मऊ. एका तळव्यात काटेवाल्यांचे मनगट आणि दुसऱ्यात कोपर धरून तो म्हणायचा, "मी भिंत नाहीये काका, दार आहे. ढकला, उघडतो." काटेवाले ढकलायचे. दार रोज बोटभर उघडायचे.

बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी एक निवृत्त मास्तर असत. त्यांना यंत्र मिळाले होते आणि ते त्यांनी कुणाला विसरू दिले नाही.

"काल यंत्राने मला सत्तर गुण दिले," मास्तर म्हणायचे. "तुमचा पैलवान देतो का गुण?"

"देतो की," काटेवाले म्हणायचे, "पण ओरडून."

हसण्यावारी नेले तरी आत कुठेतरी सलत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दाराच्या काचेतून आत पाहिले. मास्तरांचा हात एका राखाडी पन्हाळीत ठेवलेला, पन्हाळ एका यांत्रिक दांड्याला जोडलेली, समोरच्या पडद्यावर एक चेंडू. मास्तर चेंडू टोपलीकडे नेत होते आणि त्यांचे मिटलेले कोपर चक्क उघडत होते.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा काटेवाल्यांनी त्यांना गाठले आणि विचारले, की ही मोटर हाताला ढकलते का. मॅडम घाईत होत्या, तरी थांबल्या. त्यांनी सांगितले, की यंत्र हाताला ढकलत नाही, फक्त त्याचे वजन आपल्या अंगावर घेते. दुबळ्या हाताची असेल नसेल ती ताकद स्वतःलाच उचलण्यात संपते. ते ओझे काढून घेतले की उरलेली ताकद हालचालीला मिळते. मग जसजसा हात सुधारतो, तसतसे यंत्र ओझे थोडे थोडे परत टाकते.

"माझ्या हाताचं वजन किती असेल?" काटेवाल्यांनी विचारले.

"तुमच्या अंगमानाने तीन किलोच्या आसपास."

तीन किलो. तेवढे तर त्यांच्या दुकानात फळीवर धूळ खात पडले होते.

दुसऱ्या दिवशी सहा महिन्यांनी दुकानाचे कुलूप निघाले. बायको त्यांचा उजवा हात झाली. ते सांगत गेले आणि ती करत गेली. छताच्या कडीला एका जुन्या काट्याची लांब दांडी टांगली. एका टोकाला रुंद कापडाची झोळी, दुसऱ्या टोकाला पारडे. झोळीत हात ठेवला आणि बायको पारड्यात वजने टाकत गेली. तीन किलो शंभर ग्रॅमला दांडी सरळ झाली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा हात हलका झाला.

"इतकी वर्षं जगाचं तोललंत," बायको म्हणाली. "आता कळलं ना, आपला एक हात केवढा जड असतो ते."

"तू रोज उचलत होतीस. बोलली नाहीस कधी."

"विचारलंत कुठे?"

फळीवर त्यांनी खडूची रेघ मारली आणि खिळ्यांचा रिकामा डबा रेघेपर्यंत ढकलायला सुरुवात केली. रोज दीड तास. दर दिवसाआड पारड्यातले शंभर ग्रॅम कमी करायचे, म्हणजे तेवढे ओझे हातावर परत. डायरीत मात्र रोज लिहिले जायचे: वीस मिनिटे. खरा हिशेब दुकानाच्या वहीत होता. तारीख, पारड्यातले वजन, मिनिटे, डबा कुठवर गेला. ही वही लिहिल्याशिवाय त्यांना दुकान बंद करता येत नसे. एकेचाळीस वर्षांची सवय.

सहाव्या आठवड्यात सगळ्यांची परीक्षा झाली. कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे जिला ठाऊक नव्हते अशा बाईने ती घेतली. काटेवाल्यांना सुरुवातीला सहासष्टपैकी एकवीस गुण होते, आता पस्तीस झाले. पैलवानाला अंगावर मूठभर मांस चढले. त्याने काटेवाल्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला आणि सांगितले, की त्याच्या बाकीच्या रुग्णांचे चार-पाच गुण वाढलेत आणि यंत्रावरच्या मास्तरांचे आठ. मॅडमचा चेहरा उतरलाय. संशोधनाला पैसे देणारी मंडळी पुढच्या महिन्यात आकडे पाहायला येणार आहेत. साध्या हाताने एवढे होत असेल तर यंत्र कोण पोसेल?

"तुमच्यासारखे अजून दोघं निघाले ना काका," पैलवान खुशीत म्हणाला, "की गुंडाळलंच यंत्र."

काटेवाल्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

सगळे सांगून टाकावे का, असे विचारल्यावर घरी बायकोने त्यांचीच बाजू घेतली. हात तुमचा, घाम तुमचा, कुणाच्या बापाचे काय चोरलेत, असे तिचे म्हणणे. शिवाय नाव कमी झाले तर पुढचे सहा आठवड्यांचे यंत्रही गेले. त्या यंत्रासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. पैलवानाचा व्यायामही गेला. मग कानस कधी धरणार?

काटेवाल्यांनी ऐकून घेतले. तिचे एकही वाक्य चुकीचे नव्हते. पण पैलवानाचे बोलणे ऐकल्यापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पाकीट फुटले तेव्हा त्यांना वाटले होते, की आपल्याला बाजूला टाकले. आता दिसत होते, की चाळीस माणसे हाच एक काटा होता. एका पारड्यात यंत्र घेतलेले वीस, दुसऱ्यात साधे वीस. दुसरे पारडे नसेल तर यंत्राचे वजन कळणार कसे? काट्यात प्रमाण वजनाला जी जागा, ती त्यांना मिळाली होती. आणि काट्यात पन्नास ग्रॅम मारून दे म्हणणाऱ्या दुकानदाराला ज्यांनी एकदा भर गल्लीत हाकलले होते, त्यांनीच इथे पारड्यावर अंगठा ठेवला होता.

सोमवारी त्यांनी मॅडमच्या टेबलावर डायरी ठेवली आणि तिच्याशेजारी दुकानाची वही.

"यातली कुठली खरी?" मॅडमनी चाळून विचारले.

"वही."

मॅडमनी वही पहिल्या पानापासून वाचली. बराच वेळ लागला. काटेवाले उभेच राहिले.

"नियम मीच लिहिलाय, काका. तुमचं नाव काढावं लागेल."

"हो."

"आणि यंत्रावरचे सहा आठवडेही..."

"तेही जातील. कागद वाचूनच सही केली होती."

"मग सांगितलंत कशाला? कुणाला कळलं नसतं."

"तुमचा काटा चुकीचं दाखवत होता, मॅडम. आणि तो मी बिघडवला होता."

मॅडमनी पेन उचलून यादीतल्या एका नावावर रेघ मारली. मग वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, की आज पारड्यात किती आहे. एक किलो सातशे, असे काटेवाल्यांनी सांगितले.

पैलवानाला हे कळले तेव्हा तो दोन दिवस फुरंगटून होता. "म्हणजे माझं सगळं श्रेय त्या गंजक्या दांडीला?" तो म्हणाला. काटेवाले म्हणाले, की गंज नाही, तेल असते. तिसऱ्या दिवशी रविवार होता. त्या दिवशी मॅडम आणि पैलवान दोघेही जिन्याखालच्या दुकानात हजर झाले. दोघे आत मावले, म्हणून बायको बाहेर पायरीवर बसली.

मॅडमनी दांडी मापली, झोळी मापली, फोटो काढले. हाताचे वजन असे तोलून धरण्याची कल्पना जुनीच आहे, पुस्तकांत आहे, असे त्यांनी सरळ सांगितले. काटेवाल्यांना त्याचे वाईट वाटले नाही. मात्र एवढी नेटकी नोंद मी क्वचितच पाहिली, असेही त्या म्हणाल्या. पैलवान बाजूला उभा राहून त्यांचे ढकलणे पाहत होता. मग त्याने स्वतःचा कमरपट्टा काढला, काटेवाल्यांना छातीपाशी खुर्चीच्या पाठीला बांधले आणि म्हणाला, "आता ढकला."

डबा रेघेच्या चार बोटे अलीकडेच थांबला.

"हात नव्हता जात पुढे. पाठ जात होती," पैलवान म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आनंद होता आणि तो त्याने लपवला नाही. "दांडीला पाठ दिसत नाही, काका. मला दिसते."

यादीतून नाव गेल्यामुळे काटेवाल्यांवर आता कसलेच बंधन नव्हते. साध्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत नंबर लावून ते आठवड्यातून दोनदा पैलवानाकडे जाऊ लागले आणि बाकीचे दिवस पट्टा बांधून दांडीवर काढू लागले. खर्चाचे दोनशे साठ बंद झाले. मास्तर भेटले की चेंडू-टोपलीच्या गप्पा मारत, आणि आता त्या ऐकायला बऱ्या वाटत. पट्ट्यामुळे वजने सावकाश उतरली आणि पारडे रिकामे व्हायला सप्टेंबर उजाडला. तर्जनी अजून आळशी आहे आणि सुईत दोरा त्यांना ओवता येत नाही. पण ऑक्टोबरात त्यांनी उजव्या हातात कानस धरली.

पहिले काम त्यांनी आपणहून मागून घेतले. बाह्यरुग्ण विभागातला माणसे तोलायचा काटा सव्वा किलो जास्त दाखवत होता, हे त्यांनी कधीच हेरून ठेवले होते. दोन दिवस बसून त्यांनी त्याची धार घासली. पैलवान त्यावर उभा राहिला, उतरला, पुन्हा उभा राहिला आणि मग सगळ्यांना सांगत सुटला, की आपण काही न करता सव्वा किलो उतरलो. त्या कामाचे पैसे काटेवाल्यांनी घेतले नाहीत. ते म्हणाले, एवढे तरी माझ्याकडून राहू द्या.

जाताना ते मॅडमकडे डोकावले आणि त्यांचे आभार मानले. मॅडम संकोचल्या. "आभार कसले, काका? मी तर तुम्हाला काढून टाकलं."

"काढलंत," काटेवाले म्हणाले. "पण मी विचारलं तेव्हा थांबून सांगितलंत, हाताचं वजन किती असतं ते. मला तेवढंच पाहिजे होतं."

पुढच्या वर्षी निष्कर्ष छापून आले. खांदा आणि कोपर यांत यंत्र थोडे सरस ठरले, बोटांत दोन्ही बरोबरीत. पैसे देणाऱ्यांनी आणखी दोन वर्षे मंजूर केली. अहवालात एकोणचाळीस रुग्णांचे आकडे आहेत आणि खाली एक ओळ आहे, की एका रुग्णाने स्वतःहून कळवल्यामुळे त्याची नोंद वगळली. मॅडमनी ती ओळ मराठीत करून सांगितली. काटेवाल्यांनी मॅडमना ती बायकोलाही दोनदा ऐकवायला लावली.

दांडीचा एक छोटा नमुना टेबलावर मांडण्यासाठी मॅडमनी दुकानातून दोनशे ग्रॅमचे एक पितळी वजन नेले होते, पंधरा दिवसांच्या बोलीवर. ते अजून येणे आहे.