रिकाम्या खुर्चीशेजारचा करकोचा

खर्ड्याच्या चांदभाई पिंजाऱ्यानं पंख मोडलेला एक करकोचा पाळला होता. पक्षी कसला, घरचा जावईच! दिवसभर चांदभाईशेजारी उभा राहून त्याच्या मुठीतली ज्वारी टिपायचा. त्रेचाळीस साली नगरचा फोटोवाला आला आणि त्यानं घरातली खुर्ची अंगणात मांडली. पण फोटोनं माणसाचं आयुष्य घटतं, अशी चांदभाईची पक्की समजूत.

"मी न्हाई बसायचा. ह्याचा काढा, नवरदेव हाय त्यो!" म्हणत तो बाजूला झाला. फोटोत आला तो रिकाम्या खुर्चीकडं मान झुकवलेला करकोचा. सारी आळी हसली.

त्याच साली पटकीनं चांदभाई गेला. त्याची बायको मुबारकबी, तिला हळूहळू नवऱ्याचा चेहराच आठवेना. करकोचा मात्र रोज त्या खुर्चीशेजारी तशीच मान झुकवायचा आणि हवेत चोच मारायचा, जणू कुणी मूठ पुढं धरली आहे.

पुढं फोटोवाला परत आला. "चाची, या खेपेला तुम्ही तरी बसा."

"तिथं कशी बसू, भाऊ? त्यो बगतोय न्हवं त्यांच्याकडं," मुबारकबी पुटपुटली. "तुमच्या पेटीतनं त्यांचं तोंड दिसतंय का, तेवढं बगा."

फोटोवाल्यानं काळ्या कापडाखाली डोकं घातलं, ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही.