सदलग्याच्या अंगाची वीज

कुरडया घालायचे दिवस आले की सकाळी सकाळी आमच्या दारात कुणी ना कुणी बाई उभी असायची. "आण्णा, आज चीक शिजवू काय? का आभाळ येतंय?" मी बाहेर येऊन चारी बाजूंना बघायचो, वाऱ्याकडे तोंड करायचो आणि सांगायचो. बहुतेक वेळा खरं ठरायचं. चुकलं तर लोक हसण्यावारी न्यायचे, आणि बरोबर आलेलं मात्र वर्षभर सांगत फिरायचे. मला ते आवडायचं. आज हे सगळं लिहायला बसलोय, तर आधी हेच कबूल करतो, की मला ते फार आवडायचं.

मला आभाळ कळायचं याचं कारण तंबाखू. सगळं आयुष्य मी गावाहून जाऊन-येऊन निपाणीत तंबाखूच्या वखारीत काढलं. सुकलेल्या पानाला भर उन्हात हात लावला तर त्याचा चुरा होतो. रात्री दव पडलं की पहाटे पान मऊ येतं आणि तेव्हाच ते उचलायचं असतं. संध्याकाळी आभाळ मोकळं असेल तर दव पडणार. ढग असतील तर नाही. त्यामुळे जेवण झालं की बाहेर येऊन वर बघायचं, ही सवय तरणेपणीच लागली. पुढे कामाचा संबंध उरला नाही तरी बघणं राहिलं.

घर बांधलं तेव्हा स्लॅबवर जायला जिना काढला तो केवळ त्यासाठी. थंडीत वर चटई टाकून पडलं की पूर्वेला तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, वर यायचे. पुढे उन्हाळ्याकडे उत्तरेला सप्तर्षींची बाज दिसायची, आणि तिच्या मागे ते तीन चोर, म्हातारीची बाज पळवणारे. तेव्हा हायवेला एवढे दिवे नव्हते. कागलच्या बाजूला क्षितिज थोडं पिवळं दिसायचं, बाकी सगळं काळं.

शेजारचं घर आमच्या घराला चिकटून. दोन स्लॅबमध्ये गुडघ्याएवढा कठडा. त्या घरात एक म्हातारी, तिला सगळं गाव आक्का म्हणतं, तिचा एकुलता एक मुलगा, सून आणि तेव्हा अंगणवाडीत जाणारी नात. मुलगा दुधाचा टेम्पो चालवायचा. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला. संध्याकाळची फेरी संपली की कठडा ओलांडून माझ्याकडे यायचा.

"काय म्हंतंय आण्णा आभाळ?"

"म्हंतंय, त्या टेम्पोवाल्याला सांग, दुधात पाणी कमी घाल."

"पाणी वरनंच पडतंय हो. आमी काय करणार?"

असं चालायचं. उन्हाळ्यात, वळवाच्या दिवसांत, आमचा एक खेळ होता. लांब वीज चमकली की ती कुठल्या गावावर हे सांगायचं. "ही चिकोडीची." "ही संकेश्वरच्या पलीकडची." मग तो दुसऱ्या दिवशी दूध घालायला येणाऱ्यांना विचारून यायचा, काल तुमच्याकडे पाऊस पडला का म्हणून. मी सांगितलेलं जुळलं की खूश होऊन सांगायचा, "आण्णा, तुमी पंचांग छापा."

माझा एक ठोकताळा होता. सदलग्याच्या अंगाला, म्हणजे उगवतीला, उठलेला वळीव नदी धरून जातो, आमच्याकडे वळत नाही. किती तरी वर्षं मी हे बघितलं होतं. म्हणजे, जेव्हा वळला नाही तेव्हाचं लक्षात ठेवलं होतं.

आक्काची रीत वेगळी. पहिला गडगडाट झाला की ती घरातली पहार उचलायची आणि अंगणात आडवी टाकायची. लोखंड अंगणात पडलं की वीज घरावर येत नाही, अशी तिची समजूत. तिच्या सासूचीही तीच. तो हसायचा. "आये, वीज काय चोर हाय, पहार बघून पळायला?" आक्का म्हणायची, "हस रं हस. घरात बसून हसायलाईस न्हवं, ते पहारीमुळंच."

त्या दिवशी आक्का घरी नव्हती. बहिणीकडे जत्रेला गेली होती.

सुनेनं सकाळी कुरडया घातल्या होत्या आणि स्लॅबवर धोतरावर वाळत टाकल्या होत्या. दुपारनंतर उकाडा एवढा झाला की कावळेसुद्धा आवाज करीनात. वारा पूर्ण पडला होता. उगवतीला ढग चढत होते, खाली काळे आणि वरच्या कडेला तांबूस. तिनं मला न विचारताच सगळ्या कुरडया गोळा करून खाली नेल्या. धोतराचं गाठोडं बांधून नेलं आणि रिकामी बुट्टी, वेताची टोपली, वरच राहिली. मी माझ्या स्लॅबवरून बघत होतो. म्हणालो, "कशाला घाई करतीस पोरी? ते सदलग्याला चाललंय." ती म्हणाली, "जाऊ दे हो आण्णा. कुरडया वल्ल्या झाल्या तर आत्ती मला वाळत घालतील." आत्ती म्हणजे तिची सासू, आक्का.

हे मी मुद्दाम लिहितोय. कुरडया खाली गेल्या होत्या. वर एकही नव्हती.

दिवेलागणीच्या आधी तो आला. अंगणात त्याचा टेम्पो थांबलेला ऐकला. तोवर विजा सुरू झाल्या होत्या. ढगाच्या आतल्या आत पेटल्यासारखं व्हायचं आणि सगळा ढग जांभळा दिसायचा. एवढं देखणं मी पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं, आणि माझ्याशेजारी बघायला कुणी नव्हतं. मी कठड्यावरून वाकून हाक मारली.

"अरं ये की वर! फुलबाज्या लागल्यात बघ!"

खालून तिचा आवाज आला, "आण्णा, नको! लई गडगडायलंय."

मी काय म्हणालो ते शब्द न् शब्द आठवतंय. "का गं? वीज काय तुझ्याच नवऱ्याला हुडकत येतीया? कुणाच्या तरी बायकोला नवऱ्याची लईच काळजी बाबा!"

तो हसला. चेष्टा झाल्यावर कुठला पुरुष घरात बसतो? जिन्यावर त्याची पावलं वाजली.

वर येऊन तो म्हणाला, "कुठली ही?"

"सदलग्याची."

"मग ही?"

"तीबी सदलग्याची. नदी धरून चाललीया."

टपोरे थेंब पडायला लागले. मी जिन्यावरच्या छपराखाली झालो. तो त्याच्या स्लॅबवर तिथंच उभा राहिला. पडलेली बुट्टी उचलून त्यानं डोक्यावर पालथी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आण्णा, सदलगा लई जवळ आलं की!"

पुढचं मी बघितलं नाही. सगळं पांढरं झालं, आणि आवाज आला तो कानात नाही, छातीत आला. डोळे उघडले तेव्हा तो पडला होता. बुट्टी त्याच्याजवळ होती.

मी त्याच्याकडे गेलो नाही. मध्ये गुडघ्याएवढा कठडा होता. मी जिना उतरून खाली आलो, माझ्या घरात शिरलो आणि दाराला धरून उभा राहिलो. तिची किंकाळी ऐकू आली तेव्हा बाहेर पडलो, गल्लीतल्या चार माणसांबरोबर, त्यांच्यासारखाच आत्ता कळल्यासारखा. निपाणीला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. मी तेव्हाच गेलो असतो तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरला कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

बुट्टी लोकांनी बघितली आणि बुट्टीवरून गोष्ट तयार झाली. बायकोनं कुरडया आणायला वर पाठवलं. आणि आक्का परत आली ती ऊर बडवत, "मी असते तर पहार टाकली असती! हिनं पहारबी टाकली न्हाय!" दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुनेच्या माथी बसल्या.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आतून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. मग सून दारात आली. तोंडावर पदर, पण आवाज स्पष्ट. म्हणाली, "मी पाठवलं न्हाय. कुरडया खालीच हुत्या. आण्णांनी हाक मारली."

सगळे माझ्याकडे वळले. तिच्या चुलत सासऱ्यांनी विचारलं, "व्हय का आण्णा?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही, हेच मला नंतर जास्त टोचत राहिलं. मी म्हणालो, "न्हाय बा. मी घरात हुतो. पोरगी दुःखात हाय, बोलू दे."

त्यातलं 'बोलू दे' ऐकून माणसांनी माना हलवल्या. केवढा समंजस माणूस, असं त्यांना वाटलं असणार. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर खाली ओढून आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

कुरडयांपायी नवरा घालवला, आणि वर म्हाताऱ्या माणसावर आळ घेतला, असं तिचं नाव झालं. वर्षाच्या आत ती मुलीला घेऊन खानापूरकडे माहेरी गेली. आक्का एकटी राहिली. पहिला गडगडाट झाला की ती अजून पहार अंगणात टाकायची. भिंतीपलीकडून तो लोखंडाचा आवाज आला की मी ताट बाजूला सारायचो.

स्लॅबवर मी नंतर गेलो नाही. त्याचंही लोकांनी कौतुक केलं. "आण्णांचा लई जीव हुता त्या पोरावर. तवापासनं आभाळाकडं बघत न्हाईत." बायका चीक शिजवायचं विचारायला यायच्या बंद झाल्या. आता सगळ्यांच्या मोबाइलवर हवामान येतं. हायवे रुंद झाला, दिवे आले. रात्रीचं आभाळ राखेसारखं दिसतं आणि बाजेचे दोन-तीन पायच काय ते ओळखू येतात. मला ते बरंच वाटलं.

या वर्षी उन्हाळ्यात, असंच दुपार टळल्यावर, दोन माणसं आमच्या दारात आली. खानापूरकडची. आक्काच्या नातीचं स्थळ त्यांच्या घरी आलं होतं. मुलगी शिकलेली, बेळगावात नोकरीला, मुलाला पसंत. पण आपल्याकडे घराण्याची चौकशी शेजाऱ्याकडे करतात, आणि तीही जुन्याजाणत्या शेजाऱ्याकडे. म्हणून ते आक्काच्या दारात न जाता आधी माझ्याकडे आले होते.

त्यातला वयस्कर माणूस मोकळा वाटला. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली करून म्हणाला, "पोरीचं काय न्हाय हो. आईचं जरा कायबाय ऐकलंय. नवरा तिच्यापायी गेला म्हंत्यात. आणि तोंडाची लई फटकळ, मोठ्यांवर आळ घेणारी. तुमी शेजारी. तुमी सांगशिला ते खरं."

दारातून बाहेरचं आभाळ दिसत होतं. वारा पडला होता. उगवतीला ढग चढत होते, खाली काळे, वरच्या कडेला तांबूस.

"तिनं आळ घेतला न्हाय," मी म्हणालो. "मीच हाक मारली हुती."

आणि सगळं सांगितलं. कुरडया, बुट्टी, चेष्टा, कठडा, तिसरा दिवस. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. ती पुढेही आली नाही आणि मागेही गेली नाही.

 त्यांच्यातला तरुण माणूस म्हणाला, "मग इतकी वर्सं तुमी गप्प बसला?"

"व्हय," मी म्हणालो.

वयस्कर उठला. टोपी घातली. उंबऱ्यापाशी जाऊन त्यानं वर बघितलं, आणि सवयीनं, जसा कुणीही घरच्या माणसाला विचारेल तसं, त्याच्या तोंडून गेलं, "येतोय व्हय हो पाऊस? का जाईल बाजूनं?"

"मला कळत न्हाय," मी म्हणालो. "पण आता बाहेर पडू नका. आत बसा."

ते परत बसले. गडगडाट सुरू झाला. त्या खोलीत आम्ही चौघं भिंतीकडे बघत बसलो होतो आणि चहा तसाच राहिला. पाऊस थांबताच ते निघून गेले.

त्याच संध्याकाळी मी आक्काकडे गेलो. ती जमिनीवर बसली होती, हाताशी पहार. नुकतीच अंगणातून उचलून आणलेली, ओली. मी उभ्यानंच सांगितलं. तिला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "परत सांग." मी मोठ्यानं परत सांगितलं. गल्लीला ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

तिनं शिवी दिली नाही. पदरानं पहारीवरचं पाणी पुसत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्या सुनंला मी पहारीवरनं बोलले रं." मग म्हणाली, "जा तू."

सकाळी दार उघडलं तर पहार आमच्या अंगणात पडली होती. उंबऱ्यासमोर, आडवी. आक्काच्या दाराला कुलूप होतं. पहाटेच्या गाडीनं ती खानापूरला गेली, असं कुणीतरी सांगितलं. गेल्यापासून ती परत आलेली नाही. तिकडे काय बोलणं झालं, सून तिच्याशी बोलली की नाही, लग्न ठरलं की मोडलं, मला ठाऊक नाही, आणि मी विचारायला जाणार नाही. तो अधिकार माझा नाही. दोन परक्या माणसांना आणि एका म्हातारीला सांगून गावातलं बोलणं पुसलं जात नाही, म्हणून हे लिहून ठेवलं आहे. ज्या ओट्यावर मी 'न्हाय' म्हणालो, तिथले जे जिवंत आहेत त्यांनी हे वाचावं.

पहार मी उचललेली नाही. बायको सडा घालताना तिला वळसा घालते. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. आज परत उगवतीला ढग आहेत. मी उंबऱ्याच्या आत खुर्ची घेऊन बसलो आहे आणि कितीतरी वर्षांनी वर बघतो आहे. आत्ताच एक चमकून गेली. कुठली, ते मला सांगता येणार नाही.