मिरजेचा शेवट

जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडीसाठी आले तेव्हा व्हायोलिन सोबत आणलं होतं, पण दोन वर्षं ते कपाटावर धूळ खात पडलं. लॅब, पातळ भिंती, आळस. सबबींना तोटा नव्हता. वाद्य मिरजेच्या माझ्या गुरुजींचं. शेवटी ठरवलं, एकदा चार लोकांत वाजवून बघायचं. नाही जमलं तर सुट्टीत जाऊन त्यांना परत द्यायचं आणि विषय संपवायचा.

विद्यापीठाजवळच्या एका पबमध्ये रविवारी दुपारी आयरिश संगीताची बैठक जमते. आयरिश माणूस औषधालाही नाही. म्होरक्या एक निवृत्त गणिताच्या बाई, सत्तरीच्या, अंगाने काटकुळ्या, आवाजाने हेडमास्तर. सगळं कानाने उचलायचं; कुणी कागद काढला की त्यांच्या कपाळावर आठी. आणि वाजवण्याआधी त्या सांगत, ही चीज कुणाकडून मिळाली. एक रील, म्हणजे आयरिश नाचाची जलद धून, त्यांना तरुणपणी आयर्लंडमधल्या डोनेगलच्या एका सुताराने शिकवली होती, त्याला त्याच्या मावशीने. मुळात रचली कुणी, ठाऊक नाही. ते ऐकताना माझा हात आपसूक कानाच्या पाळीला गेला, गुरुजींचं नाव घेताना जातो तसा.

महिनाभर कोपऱ्यात बसून मी तीच रील बसवली. दोन छोटे, धावते भाग. सगळं मिळून तीन आवर्तनं. मग एका रविवारी वाजवायला बसले ती जमिनीवर, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून. मला दुसरं येतच नाही. लोक माझ्या गुडघ्यांवरून बिअर नेत होते.

पहिलं आवर्तन झकास गेलं आणि सवयीने मी घातली तिहाई! एकच तुकडा तीनदा, तिसऱ्यांदा बरोब्बर समेवर. गज उचलला, दाद घ्यायला मान वर केली. दाद कसली! कुणी थांबलंच नव्हतं, सगळे दुसऱ्या आवर्तनात पार पुढे गेले होते. कान तापले. मी पेटी ओढून व्हायोलिन आत ठेवायला लागले.

रील संपली. "हाल्ट," बाई म्हणाल्या. "शेवटी काय वाजवलंस?"

"चुकलं हो. सॉरी."

"ते नाही विचारलं. नोख माल, पुन्हा एकदा. हळू."

कुणाकडून मिळालं ते विचारलं, चार वेळा वाजवून घेतलं, मग सगळ्यांकडून. "गेनाऊ, अगदी बरोबर. पण तिसऱ्या आवर्तनानंतर. मध्येच नाही."

त्या नुसत्या गोड हसल्या असत्या, तर व्हायोलिन मिरजेला गेलं असतं. त्यांनी मला कामाला लावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या रविवारी एक नवी मुलगी आली. बाई तिला रीलची हकिकत सांगू लागल्या: डोनेगलचा सुतार, त्याची मावशी. "आणि शेवट मिरजेच्या गुरुजींचा."

माझा हात कानाला गेला. बघते तर बाईंचाही.