गोधडीवरचं बी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जानेफळात उकंडरावांचा भाजीचा मळा होता, आणि घर त्यांच्या बायकोच्या, अन्नपूर्णाबाईंच्या हातात होतं. त्यांच्या स्वच्छतेचं गावात नाव होतं. पुढच्या लागवडीचं काकडीचं बी त्या स्वतः वाळवून, राखेत घालून मडक्यात ठेवायच्या आणि मडकं आढ्याला टांगायच्या. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मनी मांजर मात्र घरभर, कुणाच्याही अंथरुणावर लोळायची.

एका सकाळी अन्नपूर्णाबाई सुनेची, कोकिळेची गोधडी झटकत होत्या, तेव्हा काही बिया खाली पडल्या. चपट्या, पिवळसर. कोकिळेला दिवस गेले होते. शेजारच्या रुक्मिणीबाई आणि आणखी दोघी ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच अन्नपूर्णाबाईंनी सुनेला हाक मारली.

"मडक्यातलं बी खाल्लं तुनं?"

"नाई आत्याबाई. मी कायले खाऊ?"

"मंग गोधडीत कसं आलं? खावंसं वाटलं त मागाव. चोरून काऊन खाव?"

ओट्यावर कुणीतरी हसलं. कोकिळा आत गेली, ती दिवसभर जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनी त्याच गोधडीवर निजली होती. ती आळस देऊन उठली आणि तिच्या शेपटीखाली अन्नपूर्णाबाईंना तसलंच एक बी दिसलं. त्या उचलायला वाकल्या. बी आखडलं, लांबलं आणि सरकू लागलं.

त्यांनी हात मागं घेतला. मग आढ्याचं मडकं उतरवलं. तोंडावरचं शेणामातीचं लिंपण जसंच्या तसं होतं. आळ घेण्याआधी एवढंही बघायचं त्यांना सुचलं नव्हतं.

मांजरीला दुरडीत झाकून त्या मेहकरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या.

"हे जंताचे तुकडे आहेत," डॉक्टर म्हणाले. "घरात पिसवा असतील?"

अन्नपूर्णाबाईंनी पदर चाचपला. "हाव," त्या कशाबशा म्हणाल्या.

"अंग चाटताना मांजर पिसवा गिळते, त्यातून हा जंत होतो. नुसत्या गोळीनं भागणार नाही. गोधड्या उकळा, कडक उन्हात टाका, कोपरे झाडा. मांजरीला बारीक फणीनं विंचरा. पिसवांची पावडर तिच्या अंगावर मारू नका, ती चाटेल."

अंगणात चुलीवर गोधड्या उकळू लागल्या, तशा रुक्मिणीबाई आल्या. "एवढं काय धुऊन राह्यल्या?"

पाहुणे येणार आहेत, असं सांगता आलं असतं. अन्नपूर्णाबाईंच्या ओठावर ते आलंही होतं.

"पिसवा झाल्या माह्या घरात," त्या म्हणाल्या. "मांजरीच्या पोटातले जंत पडत होते. बी नोहतं ते. अन् मी पोरीवर आळ घेतला."

रुक्मिणीबाई दोन पावलं मागं सरल्या. कोकिळा चुलीत लाकूड सारत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मनीचे जंत गेले. पिसवा हटायला मात्र महिना लागला. कोकिळा पहिल्यासारखीच राबायची, विचारलं तेवढंच बोलायची. बाळंतपणाला ती दुसरबीडला माहेरी गेली आणि चार महिने उलटले तरी यायचं नाव काढीना. कोकिळेचा नवरा इंद्रभान तिला आणायला निघाला, तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी आपल्या लेकाला थांबवलं आणि स्वतः एसटीत बसल्या.

विहिणीच्या दारात पाय धुवायला पाणी घेऊन कोकिळाच आली. कडेवर पोर होतं. अन्नपूर्णाबाईंना मान वर करवेना. नातवासाठी हातही पुढं होईनात. कोकिळेनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग तिनं पोर त्यांच्याकडे दिलं.