पहिल्या नंबरची तक्रार

तक्रारी बंद करता येतात, किस्से नाही. ते कूलरखालच्या ट्रेमधल्या पाण्यासारखे साचत राहतात आणि पाय पडला की अंगावर उडतात. नांदेडला घरी गेले की मैत्रिणी चहा टाकायच्या आधीच म्हणतात, "तुझ्या लातूरच्या क्लासचं सांग गं!" त्यांना हसू येतं. मी मात्र अजूनही मेलची टिंग वाजली की दचकते.

तर, बीसीए झाल्यावर मी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटरच्या कामाला लागले. खाली क्लास आणि सरांची केबिन, वर मुलींचं होस्टेल. तिथंच मला कॉट मिळाली. दुसरा मजला. कॉटच्या बरोबर वर बीम, आणि बीमखाली पेन आत जाईल एवढा तडा.

सर म्हणजे क्लासचे मालक. त्यांना तक्रारपेटी जुनाट वाटायची. "पालकांनी मेल टाकला की आपोआप तक्रार नोंदली पाहिजे, नंबर पडला पाहिजे. ट्रान्स्परन्सी, मॅडम!"

मी सिस्टीम बसवली, मेलबॉक्स जोडला, टेस्टला एक मेल टाकायला बसले. काय लिहावं सुचेना. मग रोज झोपताना जे दिसायचं तेच लिहिलं : "होस्टेल, दुसरा मजला, बीमखाली तडा."

टिंग! तक्रार क्रमांक एक.

सर स्क्रीनकडं बघतच राहिले. "मॅडम, टेस्टला कुणी खरं लिहितं का?"

*

अनोळखी पत्त्यावरून आलेला मेल सिस्टीम घ्यायची नाही. ॲडमिशन फॉर्मवरचा किंवा आमच्या स्टाफचाच पत्ता चालायचा. आता उमरीकडच्या सगळ्या पोरांचे फॉर्म तिथल्या एकाच नेट कॅफेवाल्यानं भरलेले, आणि प्रत्येकावर त्यानं स्वतःचाच मेल टाकलेला! म्हणून पोरांनी त्याला फोन करायचा, त्यानं आम्हाला मेल करायचा.

सर चिडले. "हा एकटा माणूस रोज मेसच्या नावानं बोंबलायलाय. ह्याची पोरं तरी किती हायेत आपल्याकडं?"

मी भीतभीत त्याला फोन लावला. तोच माझ्यावर तापला. "मॅडम, तुमच्या भाजीत झुरळ निघालं की माझं दुकान बंद पडायलंय! लई झालं. एक तर स्वयंपाकी बदला, न्हाईतर मला पगार द्या!"

मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. सरांनी कॅल्क्युलेटर पुढं ओढला. "विचारा, किती घेतो."

स्वयंपाकी तोच राहिला.

*

प्रत्येक नव्या तक्रारीची कॉपी सरांना जायची. एकदा सरांनी हौसेनं स्वतःच्या मेलवर ऑटो-रिप्लाय लावला : "मी लेक्चरमध्ये आहे. नंतर संपर्क साधावा." सिस्टीमला वाटलं, ही नवी तक्रार. तिनं नंबर पाडला, कॉपी सरांना. सरांच्या मेलचं पुन्हा तेच उत्तर. पुन्हा नंबर!

लेक्चर संपवून सर बाहेर आले तेव्हा त्यांचा मोबाईल हँग. "कोण एवढ्या तक्रारी करायलंय? नाव सांगा, आत्ता घरी पाठवतो!"

मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. म्हटलं, "सर... तुम्हीच."

त्या दिवशी सिस्टीमची "तक्रार नोंदवली, आभारी आहोत" ही नम्र उत्तरं सगळ्यांत जास्त सरांनाच मिळाली. बाकीच्यांच्या तक्रारी त्या ढिगात गाडल्या गेल्या, तडाही.

*

आमचे पालक भले. तक्रार बंद झाल्याचा मेल गेला की "धन्यवाद मॅडम" असं उत्तर पाठवायचे. उत्तर आलं की सिस्टीम तक्रार पुन्हा उघडायची. सरांच्या स्क्रीनवरचा तक्रारींचा बोर्ड सकाळी हिरवा, दुपारी लाल!

सरांनी माझ्याकडून नोटीस टाइप करून घेतली आणि जिन्यात लावली : "कोणीही आभार मानू नयेत."

*

तड्याचा मेल आता मुलीही पाठवायला लागल्या. मिस्त्री आला, पुट्टी भरून गेला. वर मागच्या वर्षीच्या टॉपर मुलांचं पोस्टर चिकटवलं. तक्रार बंद! आठवड्याभरात पोस्टरही मधोमध फाटलं. मुलींनी फोटो पाठवले. तक्रार चालू!

आमच्या रेक्टर शहनाज आपा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांनी माहेरची माणसं गमावलेली. त्या माझ्या टेबलाशी येऊन एवढंच विचारायच्या, "बेटा, सरांनी वाचलं का?"

तेवढ्यात ॲडमिशनचा सीझन आला. भूकंप अनुभवलेले रेणापूरकडचे पालक आधी छताकडं बघतात, मग निकालाच्या बोर्डाकडं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तडा, भेग, असे शब्द मेलमधी आले की तक्रार आपोआप बंद झाली पाहिजे. उत्तर जाऊ द्या : आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. कृपया अभ्यासात लक्ष द्यावे."

"सर, पण तो तडा माझ्या कॉटवरच..."

"मॅडम, भूकंपात पडली न्हाई ही बिल्डिंग. आता कशाला पडती? आणि कॉट सरकवता येती की!"

कॉट सरकवली. तिथून तडा जास्तच स्पष्ट दिसायचा.

*

आणि मग ती दुपार. डाउट-सेशन चालू होतं. आधी पंखे हलले, मग टेबलावरचा माउस आपोआप सरकला. माझी किंकाळी निघायच्या आत आपा जिन्यात ओरडल्या, "भागो! बाहेर चला पोरींनो!"

धक्का बारीकच होता. पण लातुरात कुणी असं तोलत बसत नाही. सगळ्या मैदानात. सर आमच्याही आधी पोचलेले, अनवाणी!

एकही मुलगी आत जायला तयार होईना. "घाबरायचं काई कारण न्हाई," सर म्हणाले. "चला, चला, आत चला सगळ्या." स्वतः मात्र लिंबाच्या झाडाखालून हलेनात. खिशातून मोबाईल काढला आणि एका अंगठ्यानं आयुष्यात पहिल्यांदा आमच्या तक्रारीच्या पत्त्यावर मेल टाइप करायला लागले. मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं : "माझ्या केबिनच्या भिंतीला तडा गेलाय. अर्जंट बघा."

टिंग!

मी दचकले. या वेळी सरही दचकले.

सरांनी आलेलं उत्तर उघडलं. आपांनी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं, सगळ्या पोरींना ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून : "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे."

मग डोक्यावरची ओढणी नीट केली आणि शांतपणे म्हणाल्या,

"झालंय म्हणते की, सर. जावा आत."