आत्याच्या झेरॉक्सची तीट

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मोर्च्याची, उपोषणाची, निवडणुकीची जेवढी पत्रकं आजवर निघाली, त्या सगळ्यांतली विशेषणं एका दुपारी उडवू शकेल असा एकच माणूस मी पाहिला आहे. ती माझी आत्या. माझी तरी तिनं उडवलीच. मी साताऱ्यात एका छोट्या संघटनेचं काम करते. पत्रक लिहिणं हेच माझं शिक्षण आणि खरं सांगायचं तर व्यसनही. ‘ज्वलंत’, ‘तीव्र’, ‘निर्वाणीचा’ हे शब्द माझ्या हाताखाली लहानाचे मोठे झाले. आत्यानं ते एकेक करून घराबाहेर काढले. त्यामागं भाषेचं प्रेम वगैरे काही नव्हतं. कारण शाईचं होतं.

आत्या राहते आष्टा आणि तासगावच्या मधल्या एका वस्तीवर. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, फौजेत होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला तिला सारखं तालुक्याला जावं लागे, आणि तिथला दुकानदार कागद काचेवर ठेवण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवी. एक दिवस तिनं पुण्यातल्या मुलाला फोन करून सांगितलं, मला मशीन पाहिजे, वाचणारं नको, नुसतं काढणारं. मुलानं छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स असं तिन्ही करणारं स्वस्तातलं शाईचं मशीन पाठवलं. आत्यानं ते मामांच्या लोखंडी ट्रंकेवर बसवलं आणि फौजी कांबळ्याचा तुकडा कापून त्याला झूल शिवली. जोडणाऱ्या मेकॅनिकनं जाताना सांगितलं होतं की हे वापरात ठेवा, नाहीतर आत शाई वाळते. आत्यानं एवढंच मनावर घेतलं. रोज चहाच्या आधी एक कागद निघालाच पाहिजे. रोज काय काढायचं हा प्रश्न तिनं असा सोडवला की त्या दिवशीची भाजी काचेवर ठेवायची. कारली, गवार, एकदा अख्खा मुळा, त्याचा पाला झाकणाबाहेर. तो कागद दाराला चिकटवला की साऱ्या वस्तीला कळायचं आज आत्याकडं जेवायला जावं की नाही.

त्या मशीनच्या कंपनीबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. मशीन स्वस्त द्यायचं आणि शाईच्या डब्या अशा महाग ठेवायच्या की माणसानं डबी देव्हाऱ्यात ठेवावी, ही सरळ लूट आहे. पिवळी संपली की हे काळंसुद्धा छापत नाही. पिवळ्याचा आणि काळ्याचा संबंध काय, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. आणि कहर म्हणजे शाई संपली की स्कॅनही बंद. आत्यानं कंपनीला फोन लावला आणि मामांबरोबर छावणीत शिकलेल्या हिंदीत विचारलं की नुसतं बघायला शाई कशाला लागते. पलीकडच्या पोरानं फोन साहेबाकडं दिला, साहेबानं त्याच्या साहेबाकडं. शेवटच्यानं सांगितलं, सिस्टिमच तशी आहे. आत्या म्हणाली, मग सिस्टिमला द्या फोन.

अशा मशीनवर मी त्या भागातली माझी पत्रकं काढायला जायची. छापखान्यात लग्नपत्रिकांची रांग, आणि आत्याकडं चहाही मिळतो. पण आत्या आधी मजकूर ऐकायची. ‘तमाम बंधू-भगिनींनो’ म्हटलं की म्हणायची, तमाम कोण, वस्तीवरचीच हायती की. ‘तीव्र निषेध’ वाचला की, “निषेध काय हौसंनं करत्यात व्हय गं? तीव्रच असतोय. काढ त्ये.” मथळा ठळक करायला तर सक्त मनाई होती, कारण ठळक अक्षर लय पितंय. दोन पानांचं माझं निवेदन चहा निवायच्या आत अर्ध्या पानावर यायचं. मी चिडायची, भांडायची, आणि अर्धं पान घेऊन निघायची.

दसऱ्याला घराघरात अवजारं पुजतात, तशी आत्यानं एका वर्षी मशीनची पूजा केली. झाकण उघडलं आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यात ओल्या कुंकवाचा ठसठशीत ठिपका लावला. काच म्हणजे त्याचं कपाळ, असा तिचा हिशोब. कुंकू वाळून घट्ट बसलं, आणि तेव्हापासून त्या मशीनच्या प्रत्येक झेरॉक्सवर उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका यायला लागला. कारल्यावर आला, गवारीवर आला, पेन्शनच्या कागदावर आला. वस्तीवरच्या बायकांनी त्याला नाव ठेवलं, तीट. मला तो माझ्या पत्रकावर नको होता. आत्या चहा गाळत होती तेवढ्यात मी रुमाल ओला करून काचेवर नेला. तिनं येऊन माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

“कुंकू पुसायची लय घाई असती गं मान्सांना,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे.”

मामा गेले तेव्हा मी लहान होते, पण भावकीतल्या बायकांनी तिला कसं मधे बसवलं होतं ते मला आठवतं. बाईच्या हक्कांवर मी किती पत्रकं लिहिली असतील. त्या दिवशी मी तो ओला रुमाल पिशवीत घातला.

मग आली एसटीची भानगड. दिवाळीनंतर वस्तीवर येणारी संध्याकाळची गाडी अचानक बंद झाली. आगाराचं नाव मी लिहीत नाही, कारण गाडी आता येते आणि ती तशीच येत राहायला हवी. आत्याच्या शेजारची पोरगी बारावीला होती. तिच्या वडलांनी सरळ सांगितलं की महिनाअखेर गाडी आली नाही तर कॉलेज बंद, पोरगी अंधारात चालत येणार नाही. आणि लग्नसराईत घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पोरगी रोज संध्याकाळी आत्याच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची आणि रस्त्याकडं बघायची.

मी पत्रक लिहिलं. आत्यानं कापलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता आगारात या, गाडी का बंद केली ते विचारा, एवढंच उरलं. मी मजकूर ठरवून पुढच्या कामाला निघाले. प्रती आत्यानं आणि त्या पोरीनं मिळून काढल्या, घरोघर वाटल्या.

सोमवारी अकराला मी आगारात गेले तर माणसं चार. पाचवा चुकून आलेला प्रवासी. मी पत्रक हातात घेऊन पाहिलं, तर ‘सकाळी अकरा वाजता’ हे शब्दच नव्हते. संतापानं माझे कान तापले. पण साडेअकराला दूध घालून मोकळे झालेले दोघंतिघं आले आणि आगाराच्या साहेबाच्या टेबलावर कागद ठेवून विचारायला लागले, गाडी का बंद केली. ते गेले तर बेदाण्याच्या शेडवरच्या बायका जेवणाच्या सुट्टीत आल्या. मग कॉलेजची पोरं, मग शेतातली भांगलण उरकून आलेल्या बायका, मग टोप्या सारखी करत माजी सैनिक. एकरकमी मोर्चा साहेबाला ठाऊक होता. आश्वासन द्यायचं, चहा पाजायचा, वाटेला लावायचं. पण हे थेंबाथेंबानं येणारं काय आहे, तेच त्याला कळेना. दुपारचा डबा उघडायची सोय राहिली नाही. टेबलावर पत्रकांची चळत साठली, प्रत्येकावर काळा ठिपका. त्यानं वैतागून विचारलं, ही कसली खूण, कुठली संघटना. शेडवरची एक बाई शांतपणे म्हणाली, “तीट हाय साहेब. दृष्ट लागू नये म्हून.” दिवस मावळताना त्यानं गाडी सुरू करत असल्याचं लेखी दिलं.

मी आत्याला विचारलं, वेळ मुद्दाम गाळलीस का. ती भाकरी थापत होती. “शाई संपत आलती,” म्हणाली, आणि भाकरी उलटली.

यंदा मशीन गेलं. म्हणजे बिघडलं नाही. पडद्यावर सूचना आली की आतल्या भागांचं आयुष्य संपलं आहे. मेकॅनिक म्हणाला, दुरुस्तीपेक्षा नवीन घ्या. आत्या त्याच्यावरच उखडली, की माझ्या घरात कुणाचं आयुष्य संपलं ते सांगणारा ह्यो डबा कोण. मुलानं दुसरं पाठवलं, ते खोक्यातच आहे. जुनं अजून ट्रंकेवर, झुलीसकट. सकाळी ती बटण दाबते, ते थोडं खाकरतं, गप्प होतं. दाराला हल्ली काही चिकटवलेलं नसतं.

परवा नवं पत्रक साताऱ्याच्या छापखान्यातून घेऊन तिच्याकडं गेले. चार ओळींचं. तिनं बोट फिरवत वाचलं, दोनदा वाचलं, कापायला काही सापडेना. थोडी हिरमुसलीच. मग म्हणाली, “कोरं-कोरं दिसतंय गं.” उठली, मशीनचं झाकण उघडलं, करंगळी ओठाला लावून त्या वाळल्या कुंकवावर घासली आणि माझ्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात टेकवली. रस्त्यावर संध्याकाळची गाडी थांबल्याचा आवाज आला.

इतकी वर्षं पत्रकांवर तो ठिपका मी काळाच पाहिला होता. कागदावर तो लाल उमटला.